पाण्याला धरू नका

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तो एका गाळ्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. नाव मी कधी विचारलं नाही. काम कितीही छान होवो, तो बाहीनं स्क्रीन पुसतो आणि एवढंच म्हणतो, "चालंल."

यंदा पेणच्या खाडीकाठी आमच्या गावानं फुटलेला बांध स्वतः बांधला. ड्रोननं घेतलेलं ते सगळं मी वेग वाढवून दोन मिनिटांत बसवलं आणि कम्प्युटरवर हलणारं चित्र स्थिर करायला गेलो, तर बांधच होडीसारखा डुलू लागला. ज्यांनी चिखल वाहिला, त्यांनाच संध्याकाळी हे दाखवायचं होतं.

मी ते घेऊन त्याच्या गाळ्यात गेलो. त्यानं एकदाच पाहिलं.

"चित्र थिर करायला कम्प्युटर पाण्याला धरून बसलाय. पाणी जाग्यावर ऱ्हातं व्हय? खारेपाटातली माणसं तुमी, तुमाला मी सांगायचं?"

त्यानं पाणी वगळलं, बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी खाडीत सोडायच्या सिमेंटच्या दारावर खूण केली. आधी चित्र स्थिर केलं, मग वेग वाढवला.

माणसं भराभर धावली, चिखल चढत गेला, बांध फुटून पडलेली खांड बुजली. बांध तसूभर हलला नाही.

मी "चालंल"ची वाट पाहत होतो. तो उठला आणि मागच्या खोलीतल्या बायकोला ओरडला, "गो, धावत ये! आपला बांध बघ!"