आत्याची सवत आणि बाजारातला फोनो

आज सकाळी आत्या गेली.

तिची सवत आत्याच्या लग्नाआधीच मेली होती. तरी दोघींनी एकाच घरात संसार केला.

घाबरू नका, रडकी पोस्ट नाही. आत्याला रडकं चालायचंच नाही. सिरीयलमधल्या बाया रडायला लागल्या की ही पदर तोंडाला लावून हसायची. मी एकदा चिडून विचारलं, "आत्या, हसतेस काय?"

तेव्हा तिनं ही गोष्ट सांगितली.

इंग्रजांचं राज्य होतं अजून. आत्या पंधरा वर्षांची, केनवडला दिलेली. आतोबांची ती दुसरी बायको.

पहिली यमुना. विहिरीत गेली. पाय घसरला, एवढंच आत्याला सांगितलं. त्यानंतर घरात कोणी तिचं नावसुद्धा काढलं नाही.

पण लग्नाच्या दिवशीच आत्याच्या गळ्यात तिचा टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं घालायचा, अशी रीतच होती. गोडधोड झालं की आधी टाकाला दाखवायचं. नवीन लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं.

आतोबा आत्याशी बोलायचे नाहीत. मारझोड नाही, शिवी नाही. नुसतं तिच्या खांद्याच्या मागं बघायचे. जसं काही तिथं कोणी उभं आहे.

"मी बी वळून पाहो," आत्या म्हणाली. "दोन वर्षं पाहत राह्यली."

मग बाजारात तो कापडवाला आला. गिऱ्हाईक जमवायला कर्ण्याचा फोनो लावायचा. गाण्यांच्या तबकड्या होत्याच, पण लोक थांबायचे कॉमेडीसाठी.

त्या दिवशी वाजत होती ती एका नवऱ्याची गोष्ट. त्याची दुसरी बायको, आणि दाराआडून बोलणारी मेलेली पहिली. "अहो, मी इथेच आहे!" ती शहरी बाई नाकातून म्हणायची, नवरा किंचाळायचा, आणि सगळा बाजार खो खो हसायचा.

मधेच सुई अडकली.

मी इथेच आहे. मी इथेच आहे. मी इथेच आहे.

आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या घरात जे कोणी बोलत नव्हतं, ते भर बाजारात कोणीतरी मोठ्यानं बोलून दाखवलं होतं.

मग तिला समोर आतोबा दिसले. हातात मिरच्यांची पिशवी. त्या गर्दीत तेवढेच हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आतोबा एकटे जेवायला बसले. सासू शेतात. बाहेर ऊन असं, की पाखरूसुद्धा आवाज करत नव्हतं. आत्याला काय सुचलं कोण जाणे. ती आतल्या खोलीत गेली आणि दाराआडून त्या तबकडीतल्या बाईसारखं नाकातून बोलली.

"अहो, जेवलात का?"

हे हसतील, नाहीतर ताट फेकतील, असं तिला वाटलं.

आतोबा शांतपणे म्हणाले, "हो."

"माझी आठवण येते का?"

"रोज."

आता आत्याची थट्टा सरली. नाकातला आवाजही गेला. तिनं आपल्याच आवाजात विचारलं, "मंग मी काहून गेली?"

आतोबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग बोलायला लागले.

"तुह्या बापाचा निरोप आला होता. लय बिमार होता. मी म्हटलं, कापूस येचून होऊ दे, मंग जाय. बाप गेला. तू तोंड नाई पाह्यलं त्याचं. तिसऱ्या दिवशी पाण्याले गेली... पाय नाई घसरला. मले मालूम आहे."

आत्या दाराला धरून उभी होती.

"हो, आहे ना," आतोबा पुढं म्हणाले. "पेटीत आहे, खाली. कोणाले देल्लं नाई तुहं लुगडं."

आत्या बाहेर आली.

"कोणतं लुगडं?"

"तूच तं इचारलं आता. माहं लुगडं कुठी आहे म्हणून."

"मी नाई इचारलं."

आतोबांनी तिच्याकडे पाहिलं. खांद्यामागं नाही, तिच्या तोंडाकडे. मग दोघांनी मिळून त्या खोलीकडे पाहिलं.

खोली रिकामी होती.

पेटीच्या तळाशी हिरवं लुगडं निघालं. माहेरी नेसून जायला यमुनानं घेतलेलं. घडीही मोडली नव्हती.

त्याच आठवड्यात दोघं बैलगाडीनं शिरपूरकडे निघाले, यमुनाच्या आईकडे. वाटेत आत्यानं विचारलं, "मी मेली तं माहं लुगडं कोणाले देसान?"

"तू कायची मरते व! मलेच पोचवशील."

आणि आतोबा हसले. लग्नानंतर पहिल्यांदा.

म्हातारीनं लुगडं हातात घेतलं. शिव्या दिल्या, आतोबांनी मान खाली घालून ऐकल्या. मग ती आत्याला म्हणाली, "तू येत जाय व माय." आत्या शेवटपर्यंत त्या घराला माहेर म्हणायची.

मी विचारलं, "आत्या, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण आंधी त्या घरात मले एकटीले भेव वाटे. मंग दोघाले मिळून वाटू लागलं."

आत्या, येते गं भेटायला. आज शेवटचं.
तुला मनापासून नमस्कार. आणि यमुनाआत्यालाही.