सेतुरावांचं काटाघर

लोखंड पडून राहिलं की त्याच्यावर गंज चढतो, आणि गंजलेलं लोखंड बघत हिंडणाऱ्यांकडे किस्से साठतात! आम्ही तिघं वर्षभर दर रविवारी उत्तर चेन्नईत जुने रूळ आणि बंद पडलेले पोलादाचे कारखाने बघत फिरतोय. त्यामुळे आमच्याकडे आता सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी मंडळी सांगतो. मी साताऱ्याचा, इथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. केतकी पुण्याची, आयटीतली, वेलचेरीत राहते. आणि आमचे कॅप्टन सेतुराव, वय अठ्ठ्याहत्तर, तंजावरच्या मराठी घराण्यातले. एका रोलिंग मिलच्या आवारात मालगाडीचे डबे तोलायचा मोठा काटा होता, त्या काट्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. मिल कधीच बंद पडली, आता तिथं फ्लॅट होणार. पाडापाडी व्हायच्या आत आपलं काटाघर एकदा डोळे भरून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण गेटवरचा वॉचमन म्हणे, "ऑफिसची चिठ्ठी आणा." चिठ्ठी काही येईना. तोवर आम्ही बाहेरचं लोखंड बघत हिंडायचं ठरवलं.

पहिल्याच रविवारी कोरुकुपेटच्या एका बोळात जमिनीत रुतलेला रूळ सापडला. आम्ही त्याच्या मागे मागे गेलो, तर तो सरळ एका घराच्या दारात! घरातल्या पाटीअम्मा, म्हणजे आजीबाई, दोन रुळांच्या बरोबर मध्ये कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढत बसल्या होत्या. सेतुरावांनी तमिळमध्ये सगळी चौकशी केली. आजींनी कॉफी दिली, आणि मग जरा काळजीनं विचारलं, "गाडी परत सुरू करताय की काय?"

सेतुराव गंभीरपणे म्हणाले, "केली तर आधी तुम्हाला सांगायला येईन."

आजींचा जीव भांड्यात पडला. कोलम पुढे चालू!

दुसरा किस्सा माझ्या फजितीचा. रायपुरममध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या उंचीचं लोखंडी चाक दिसलं. झालं, माझ्यातला इंजिनीअर जागा झाला! हे मिलचं फ्लायव्हील, ते एकदा फिरायला लागलं की ताकद कशी साठवतं, लाल झालेली सळई त्याच्या जोरावर कशी लाटली जाते, असं दहा मिनिटं मी केतकीला समजावलं. शेजारी एक गृहस्थ हात बांधून ऐकत उभे होते. माझं संपल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, "सार, फार छान सांगितलंत. हे आमच्या देवळाच्या रथाचं चाक आहे."

केतकी अजून मला 'फ्लायव्हील' म्हणते.

चेन्नईबाहेरच्या आवडी गावाला गेलो तो दिवस तर विसरणं शक्य नाही. तिथं संरक्षण खात्याचे कारखाने, त्यामुळे कॅमेरा बाहेर काढला की कुणीतरी हटकणारच. केतकी स्टेशनाबाहेर पडलेल्या एका जुन्या तुळईपुढं उकिडवी बसून फोटो काढत होती. एक जवान आला. "काय चाललंय?"

केतकीची तारांबळ उडाली. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "रस्ट!"

जवानानं तुळईकडे बघितलं, मग आम्हा तिघांकडे. "गंज बघायला चेन्नईहून आलात?" तो म्हणाला. "मग माझी सायकल बघून जा!" आणि खरंच आम्हाला घेऊन गेला. सायकल बघण्यासारखी होती.

सेतुरावांची एक खोड सांगायलाच हवी. जन्मभर वजनं बघितल्यामुळे त्यांना नजरेनं तोलायची सवय. टरबूज असो, बसमधली ट्रंक असो, आकडा तयार! एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बायकोनं दार उघडलं. सेतुरावांनी नमस्कार केला, तिला एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, "बरें! एकाहत्तर!"

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आकडा चुकला असता तर एवढी चिडली नसती.

आणि मग एका रविवारी अखेर चिठ्ठी आली. नेमकी पाडापाडीच्या दिवशी! आम्ही धावत पोचलो तोवर अर्धं आवार सपाट झालं होतं आणि जेसीबी काटाघराच्या भिंतीपुढं उभा होता. ऑपरेटर वर बसूनच ओरडला, "तात्ता, बाजूला व्हा!" तात्ता म्हणजे आजोबा.

सेतुराव बाजूला झाले नाहीत. त्यांनी केतकीची लाल ओढणी मागून घेतली, एका सळईला बांधली आणि सळई काटाघरापुढच्या रुळांच्या मधोमध खोचली. मग ऑपरेटरला शांतपणे समजावलं, की डब्याखाली माणूस काम करत असला की तो असा लाल झेंडा लावतो. झेंडा आहे तोवर चाक हलवायचं नाही. आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मॅनेजरनंसुद्धा नाही.

ऑपरेटरनं इंजिन बंद केलं.

सेतुराव आत गेले. काट्याची दांडी जागेवर होती, खिडकीही होती. खिडकीपाशी उभे राहून ते एकेक डबा मोजल्यासारखे बाहेर बघत होते. दांडीवरून हात फिरवत म्हणाले, "सगळें तस्सें आहे की!" मला भरून आलं. केतकी तर सरळ रडत होती.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले, चष्मा पुसला, ऑपरेटरला नमस्कार केला आणि तडक गेटबाहेर पडून बस स्टॉपवर जाऊन उभे राहिले. केतकी मागून पळत आली. "आजोबा, झेंडा राहिला!"

"मजला ठाऊक आहे," सेतुराव म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रावर गेलो होतो. सेतुराव वाळूतून आमच्या वीस पावलं पुढं, झपझप चालत होते. केतकीचा फोन वाजला. नंबर तिनंच ऑपरेटरला दिला होता.

"अक्का, बाकी सगळं पाडून झालं. तात्ता झेंडा काढायला कधी येतायत?"

केतकीनं हाक मारून विचारलं. सेतुराव वळलेसुद्धा नाहीत.

"त्याला सांग, माझा गुडघा दुखतो!"