खिडक्यांवरचे छज्जे

पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून आमच्या दुबईच्या ऑफिसात मे महिन्यातही पंखा बंद असायचा. घामाचा थेंब ट्रेसिंगच्या कागदावर पडला तर शाई फुटते, म्हणून मनगटाखाली रुमालाची घडी ठेवायची आणि डोकं जरा मागे धरून काम करायचं. अशा थाटात आम्ही तिघे ड्राफ्ट्समन युरोपातल्या एका थंड शहरासाठी वीस मजल्यांचा राहता टॉवर काढत होतो. आमच्या गोऱ्या साहेबांची मुख्य कचेरी त्या शहरात होती. तिथे माणसं अपुरी पडली की काम गुंडाळी करून विमानाने आमच्याकडे यायचं. साठ-सत्तरच्या मधली ती वर्षं. खुद्द दुबईत तेव्हा चार मजल्यांची इमारत दिसली तरी लोक मान वर करून बघत.

मजल्यांचे नकाशे तिकडून तयार आले होते. मधोमध लिफ्ट, तिच्याभोवती घरं. कचरा टाकायला भिंतीतून थेट खालपर्यंत नळ. प्रत्येक खिडकीखाली घर गरम करायचं लोखंडी यंत्र. ते काढताना मला राग यायचा. इथे आम्ही उकडून निघतोय आणि यांच्या घरात उष्णता कुठे ठेवायची ते मी ठरवतोय! बाहेरून इमारत कशी दिसेल, ती एलिव्हेशनं तेवढी आम्ही काढायची होती. दक्षिणेची बाजू माझ्या वाट्याला आली. सगळ्यात जास्त खिडक्या तिलाच.

ते काम संपलं की मला रजा होती. रत्नागिरीकडे आमच्या गावात धाकट्या बहिणीचा निकाह ठरला होता. वडील गेल्यापासून तिचा वली मीच. काझींसमोर बसून तिला द्यायचं ते मी. पावसाळ्यात कोकणची बोट बंद होते, म्हणून तारीख पुढे ढकलता येत नव्हती. "भाई, तू आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," असं तिने मागच्या खेपेलाच बजावून ठेवलं होतं. मुंबईची बोट बुधवारी सुटायची आणि त्यानंतरच्या बोटीने वेळेवर पोहोचणं शक्य नव्हतं. विमानाचं नाव आमच्यासारख्यांनी काढूच नये. माझी बॅग भरून खोलीच्या दाराशी ठेवलेली होती.

सोमवारी साहेब टेबलापाशी आले आणि माझ्या कागदावर वाकले. इतकी वर्षं आमच्यात काढून त्यांना मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"ये शेल्फ किसका है?"

"शेल्फ नाही सर, छज्जा. सनशेड. हर विंडो के ऊपर."

ते बाकीच्या दोघांच्या टेबलांकडे गेले. तिथेही तेच. साहेबांच्या कच्च्या चित्रात खिडक्या सपाट होत्या, पण छज्जे काढताना आम्हा तिघांपैकी एकालाही काही खटकलं नव्हतं. खिडकी काढली की हात आपोआप वर जायचा आणि छज्जा काढून खाली यायचा.

"बिनाछज्ज्याची विंडो म्हणजे टोपी नसलेला हाजी वाटतो रे," माझ्या शेजारचा मुरुडवाला पुटपुटला. साहेबांना ते कळलं नाही हे बरं झालं.

"वहाँ लोग सूरज के लिए घर लेता है," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. गुरुवारच्या विमानाने गुंडाळी जायची होती, त्याआधी सगळे छज्जे खोडायचे, एवढंच त्यांनी सांगितलं. मी बोटीचं सांगितलं. त्यांनी खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता, तो तिथेच राहिला.

मग ब्लेड घेऊन बसलो. शाई अलगद खरवडायची, जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, खिडकीची वरची रेघ पुन्हा ओढायची. जोर जास्त झाला तर कागद फाटतो आणि सगळंच नव्याने. मुरुडवाला मधूनमधून म्हणायचा, "यल्ला, चल चल, होईल, इन्शाल्ला." त्याच्यापुढे त्याची बाजू पडलेली होती, तो तरी काय करणार? बुधवारी दुपारी खाडीकडून बोटीचा भोंगा ऐकू आला तेव्हा मी चौदाव्या मजल्यावर होतो. मी मान वर केली नाही. रडू येत होतं, आणि कागद भिजवून चालणार नव्हतं.

संध्याकाळी तार केली, माझ्या वतीने चुलत्यांनी वली व्हावं. निकाह झाला. ती हो म्हणाली.

टॉवर मात्र झाला नाही. त्याच वर्षी थंडीत साहेबांनी जाता जाता सांगितलं, मालकाने अंग काढून घेतलं, ते काम खलास. दक्षिणेच्या बाजूची एक जादा प्रत आम्ही पुढे कितीतरी दिवस टेबलावर अंथरायला वापरत होतो.

पुढच्या वर्षी गावी गेलो. बहीण मला भेटायला म्हणून माहेरी आली होती. चहा पुढे ठेवून ती समोर बसली.

"भाई, तेव्हा एवढं काय काम निघालं होतं रे?"

"खिडक्यांवरचे छज्जे खोडत होतो."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"छज्जे कशाला खोडायचे? ऊन येईल की आत."

"यावं म्हणूनच. तिकडे लोकांना ऊन मिळत नाही."

माझ्या कपात तिने आणखी चहा ओतला.

"मग थांबलास ते बरं झालं," ती म्हणाली. "येतं का आता त्यांच्या घरात ऊन?"

"येतं," मी म्हणालो. "सगळ्यांच्या घरात येतं."