हौसेरावांची तीन बोटं

मुडदा बशिवला त्या साहेबाचा! चार वर्षं झाली, तरी हौसेदादांचा विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तुर्भ्याला थिनरच्या कारखान्यात आम्ही कामाला. दादा ड्रम भरायचे, मी लेबलं चिकटवायची. ते पाटणचे, माझं माहेर कोरेगावचं, एकाच जिल्ह्यातले, म्हणून दादा म्हणायची एवढंच. अकरा वर्षं त्यांनी ते काम एकाच पद्धतीनं केलं. नळी लावायची, ड्रम भरत आला की तोंडातून खुणेची काठी आत सोडायची, आणि वर तीन बोटं जागा राहिली की नळी बंद. घाई असो, गाडी दारात उभी असो, काठी घातल्याबिगर झाकण लागायचं नाही.

मी एकदा विचारलं, "दादा, जागा कशाला सोडता हो?"

"राही, माल येतोय जमिनीतल्या टाकीतनं, गारढोण. जानार उन्हात. रेशनचं रॉकेल सकाळी डब्यात काठोकाठ भर आन् उन्हात ठेव. दुपारी झाकनातनं वाहतंय का न्हाई बघ. तापलं की फुगतं. पत्रा बी फुगतो, पर उगं नखाएवढा. थिनर लई फुगतं."

"आणि वरची हवा?"

"ती बी फुगाया बघती. पर हवा दाबली की दबती गं. पातळ माल दबत न्हाई. त्याला जागा न्हाई मिळाली तर त्यो पत्र्यालाच ढकलतो."

एवढं साधं होतं. माझ्यासारख्या सातवी पास बाईला कळलं.

पंच्याण्णवच्या एप्रिलात मालकाचा भाचा आशुतोष साहेब म्हणून आला. कुण्या गिऱ्हाइकानं सांगितलं, ड्रम कमी भरलेला दिसतो. झालं! यानं दहा झाकणं उघडली आणि सगळ्यांसमोर ओरडला, "ही तीन बोटं जातात कुठे? बाहेर पेंटरला विकतोस ना?"

अरे, बापाच्या वयाचा माणूस, आणि अरे-तुरे! दादांची पिशवी वॉचमनकडून उपडी करायला लावली. भाकरी मातीत पडली. त्यातून थिनर निघणार होतं का, मेल्या?

दादा हात जोडून म्हणाले, "सायेब, कामावरनं काढा, पर चोर म्हनू नका. एकच ड्रम काठोकाठ भरून दिसभर उन्हात ठेवा. काय हुतंय ते डोळ्यांनी बघा."

"मला शाळा शिकवू नको," साहेब म्हणाला, आणि दादांच्या हातात झाडू दिला. नळीवर पोपट नावाच्या हमाल पोराला उभं केलं. पोपट घाबरट, भरले त्यानं तोंडापर्यंत. दादा मुकाट झाडत राहिले. त्यांना कामाचं काही नव्हतं. चोर हा शब्द पुसायचा होता, बस.

मे महिना. नव्यानं भरलेले ड्रम यार्डात ओळीनं लावलेले. दुपारी आम्ही पाच बायका त्याच ओळीच्या सावलीला डबे उघडून बसलो. टंग! आवाज झाला. परत टंग! मी म्हटलं कुणी दगड मारतंय. तेवढ्यात दादा झाडू टाकून पाना घेऊन पळत आले, "उठा! लांब पळा! वर बघा जरा!"

वर बघितलं, तर ड्रमची सपाट तोंडं पुरीसारखी फुगलेली. आम्ही पळालो. दादा एकेक झाकण हळूहळू सैल करत गेले. फस्स करून थिनर यायचं, ते बाजूला व्हायचे. आठ ड्रम असे सोडवले. ओळीतल्या शेवटच्या, नवव्याचं झाकण हातातूनच उडालं आणि धार थेट डोळ्यांत गेली.

वाशीच्या दवाखान्यात दादा मला तिसऱ्या दिवशी भेटले. एक डोळा गेला होता, दुसऱ्यावर पट्टी.

"राही, फुटला का एखादा?"

"नाही दादा. तुम्ही सैल केलेत ना. एकही नाही."

मला वाटलं, बरं वाटेल. पण दादा म्हणाले, "म्हंजी दाखवाया काय ऱ्हायलंच न्हाई."

मी चिडले. म्हटलं, एवढं झाल्यावर कोण तुम्हाला चोर म्हणेल?

दुसऱ्या दिवशी साहेबानं आम्हा पाचजणींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. 'हौसेराव याने माल काढण्याच्या हेतूने परवानगीशिवाय ड्रम उघडले.' खाली साक्षीदार म्हणून आमची नावं.

मी म्हटलं, "ड्रम फुगले होते, साहेब. फुटले असते."

"एक तरी फुटला का?"

"त्यांनी उघडले म्हणून नाही फुटले! म्हणून आम्ही पाचजणी जित्या उभ्या आहोत इथं!"

"सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मी पेन त्याच्या टेबलावर आपटलं आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, या गं, चला. एकीनं पेन उचललं, मग दुसरीनं. चौघींनी सह्या केल्या.

दादा चोर ठरले.