हिरडीवरची निळी रेघ

मी डेंटिस्ट आहे. वरवंडला हायवेच्या कडेला बारा वर्षं माझा दवाखाना आहे. अमावास्येला दात काढायला नको म्हणणाऱ्या पेशंटला मी मुद्दाम अमावास्येचीच अपॉइंटमेंट देते... यावरून माझा स्वभाव ओळखा. भूत, करणी, दृष्ट असल्या गोष्टींना मी आजही हसते. पण हे घडलं ते माझ्याच खुर्चीवर, सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात.

संदीप खुटबावचा. सव्वीसेक वर्षांचा, सहा महिन्यांपूर्वीच बाप झालेला. हिरड्या काळ्या पडल्यात, हसायची लाज वाटते, म्हणून आला होता. आता आपल्याकडे सावळ्या माणसाच्या हिरड्याही सावळ्याच असतात, त्यात आजार काही नसतो. पण याच्या दातांच्या कडेकडेने बारीक काळसर रेघ होती. तंबाखू? मिश्री? – नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, सगळे नाहीच म्हणतात. पोट दुखतं, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत, असंही तो बोलता बोलता म्हणाला. तेही मी तंबाखूच्याच माथी मारलं. दात साफ केले तरी रेघ गेली नाही. मग म्हटलं, लेझरने जाळून काढून टाकू, गुरुवारी ये.

गुरुवारी त्याच्याबरोबर त्याच्या सोनाआत्या आल्या. पासष्टीच्या, जन्मापासून आंधळ्या. गावातल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. बाळ किरकिर करायला लागलं की हिरडीवरून बोट फिरवून, खालचा दात येतोय म्हणून सांगायच्या आणि तो यायचाच. यात चमत्कार काही नाही, वर येणारा दात मलाही बोटाने कळतो.

मी इंजेक्शन भरत होते. आत्या म्हणाल्या, एकदा मला त्याची हिरडी बघू द्या. मला हसूच आलं, पण म्हातारीचं मन कशाला मोडा... ग्लोव्हज दिले तर त्यांनी बाजूला ठेवले. हे घालून मला काय कळणार, म्हणाल्या. साबणाने हात धुतले आणि भाच्याच्या खालच्या हिरडीवरून हळूहळू बोट फिरवलं. मध्येच बोट थांबलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, हे निळं हाय."

"काळं आहे, आत्या. तंबाखूचं."

"काळं न्हाई, निळंच हाय. आन् वरून न्हाई लागलेलं, आतून आलंय. जाळू नका तुम्ही."

जन्मांध बाई मला रंग सांगत होती. लाइट जवळ ओढला, आरसा धरला... खरंच निळसर होती ती रेघ. कॉलेजात पुस्तकात वाचलेली, पेशंटमध्ये कधीच न पाहिलेली. अंगात शिसं भिनलं की उमटणारी. मी इंजेक्शन खाली ठेवलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं – तू काम काय करतोस?

शिरूरच्या बाजूला एका शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. दीड वर्ष झालं होतं. घरी आला की त्याच कपड्यांनिशी बाळाला उचलून घ्यायचा.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये शिसं भयंकर वाढलेलं निघालं. त्याला पुण्याला ॲडमिट केलं. बाळाच्या रक्तातही थोडं सापडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने असेच गेले असते तर बापाच्या हातांतली ताकद गेली असती, आणि लेकराच्या मेंदूचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. आणि मी ती एवढी ठळक खूण लेझरने पुसायला निघाले होते... लिहितानाही लाज वाटते.

संदीपने ते काम सोडलं. बाळ खुशाल आहे. मी खुटबावला त्यांच्या घरी गेले, खरं सांगायचं तर आत्यांची परीक्षा घ्यायला. घरातला जयंतीचा निळा झेंडा आणि एक लाल ओढणी त्यांच्या हातात दिली, यातलं निळं कोणतं म्हणून विचारलं. दोन्ही चाचपून म्हणाल्या, कापड हाय. घरातले सगळे हसले, त्याही हसल्या. मग त्या दिवशी कसं कळलं, आत्या?

त्यांनी दोन्ही कापडं घडी करून मांडीवर ठेवली.

"मला काय ठावं, बाई. निळं कसं असतंय ते मी कवा बघितलंय? बोट लावलं आन् पोरासाठी जीव घाबरा झाला. तवा तोंडातून निळंच आलं."

मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. त्यांना दिसलं नाही ते बरंच झालं.

ती रेघ हिरडीच्या आत असते. वरून बोटाला लागण्यासारखं तिथं काहीच नसतं. पुस्तकं पुन्हा काढली, माझ्या सरांना फोन केला; तेही म्हणाले, ती फक्त डोळ्यांनाच दिसते. पुढे संदीप तपासायला आला तेव्हा रेघ पुसट झाली होती, पण होती. दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला विचारून ग्लोव्ह काढला, हात धुतले, डोळे मिटले आणि आत्यांसारखंच हळूहळू बोट फिरवलं. दोनदा फिरवलं, तीनदा फिरवलं.

मला हिरडी फक्त ओली लागली.