किसाबुरोचा लाल भात

आमच्या आळीत कुणाकडे चवळी घातलेला लाल भात शिजला, की लग्न ठरलंय किंवा बाळ झालंय असं समजायचं. किसाबुरोने तो पोटातल्या जंतूंच्या निरोपाला शिजवायला लावला.

किसाबुरो म्हणजे धुरावलेल्या मुळ्यांच्या लोणच्याच्या धंद्यातला, जपानातल्या आमच्या अकिता प्रांतातला बडा माणूस. लोणच्यात मीठ इतकं, की एका फोडीवर दोन वाट्या भात संपावा. सत्तरीत त्याच्या जठरात जंतू सापडले, बायकोच्या, मित्सुएच्याही. दोघांनी जोडीने आठवडाभर गोळ्या घेतल्या आणि जंतू साफ झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, भाडेकरू गेले, पण घराची नासधूस करून गेलेत. कॅन्सरचा धोका कमी झालाय, संपलेला नाही. दरवर्षी दुर्बीण घालून बघायचं."

किसाबुरोने "साफ" एवढंच ऐकलं आणि घरोघर डबे पोचवले.

पुढच्या वर्षी मी आठवण करून दिली, तर हसला. "अरे, लाल भात वाटून झाल्यावर परत तपासणी? लग्न लागल्यावर मुलगी बघायला जातात का?"

"हे जात नाहीत, तर मी एकटीच कशाला?" मित्सुएवहिनी म्हणाल्या.

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात त्याच्या ताटात लोणचं उरायला लागलं. "यंदा मुळाच कडू निघाला," म्हणायचा. मी खाल्लं होतं. मुळा गोड होता.

दुर्बीण घातली तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "उद्या तू दुर्बीण घालून ये."

"तुम्हाला असं टाकून?"

"मी कुठं पळतोय? दारापर्यंत पोचलो तर बक्षीस दे."

मीच वहिनींना घेऊन गेलो. त्यांचं जठर ठीक निघालं. परतलो, तर हा उशीला टेकून वाट बघत बसलेला.

"काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही निघालं."

"मग लाल भात टाक की!"

वहिनी पेज ढवळत राहिल्या. "नाही टाकणार. पुढच्या वर्षी परत जायचंय."

किसाबुरोने मान वळवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला घेऊन जा रे. हिला एकटीला जायची सवय नाही."

वहिनींनी चमचा पुढे केला. त्याने कसाबसा एक घोट घेतला.

"मीठ नाही यात," तो म्हणाला.

"नाहीच घातलं," म्हणत त्यांनी त्याची हनुवटी पुसली.