गोल गाजराचा साखरपुडा

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न एका गाजराने मोडलं. आणि त्या गाजराचा तोवर जन्मसुद्धा झालेला नव्हता. ते अजून पाकिटात होतं.

सुरतेत, बमरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझ्या कुंड्या आहेत. मी त्यांना बाग म्हणतो. ही (म्हणजे माझी बायको सुनंदा) त्यांना पसारा म्हणते. मागच्या हिवाळ्यात मी त्यात गाजरं लावली होती. लांब, सरळ, टोकदार येतील म्हणून रोज पाणी घातलं. उपटली तेव्हा काय निघालं? एकाला दोन पाय, एकाला तीन, एक तर चक्क मांडी घालून बसलेलं! सुरतची काळी चिकट माती आणि उथळ कुंड्या. गाजर खाली जायला बघतं, बूड टेकलं की वाट फुटेल तिकडे पळतं. हिने ती गाजरं हलव्यासाठी किसायला घेतली आणि अर्ध्यावर ठेवून दिली. म्हणाली, "मला कुणाचे तरी पाय किसतेय असं वाटतंय."

यंदा मी ठरवलं, गोल गाजर लावायचं! फोरेनची जात. लिंबाएवढं गोल-गोल येतं, खोल जायची त्याला हौसच नाही. कडोदऱ्याच्या एका नर्सरीत बी मिळालं. शेजारच्या कुंडीत धणे पेरू, कोथिंबिरीची सोय होईल. मुहूर्त धरला रविवारचा.

आता माझ्या गुजरातीबद्दल सांगायला हवं. सुरतेत येऊन वीसेक वर्षं झाली आणि माझं गुजराती अस्खलित आहे. असं मी म्हणतो. आमची मुलगी मुक्ता म्हणते, "बाबा, तुम्ही गुजराती बोलायला लागलात की लिफ्टसुद्धा मधल्या मजल्यावर थांबते." जळतात लोक!

तर त्या आठवड्यात, लिफ्टमध्येच, आमच्या शेजारीण कोकिळाबेन भेटल्या. बाई अतिशय प्रेमळ. एकच दोष, त्यांना सांगितलेली गोष्ट सोसायटीच्या फळ्यावर लिहावी लागत नाही.

"केम छो भाई? रविवारे शुं करवाना?"

गुजरातीत गोलला 'गोळ' म्हणतात आणि धण्यांना 'धाणा', हे मला पक्कं ठाऊक. म्हणालो, "रविवारे अगाशी उपर गोळ-धाणा छे!" (अगाशी म्हणजे गच्ची. बघा, शब्दसंपत्ती!)

कोकिळाबेनांच्या हातातली पिशवी खाली पडली. "हें! गोळ-धाणा? आटलुं छानुंमानुं?"

इतकं गुपचूप का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "गाजावाजा शुं करवानो, बेन? आधी थवा तो दो."

"ठेकाणुं क्यांनुं छे?"

बियांचं दुकान विचारताहेत, हे उघडच होतं. "कडोदरानुं. पण जात फोरेननी!"

"फोरेन!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "अने देखावे केवुं?"

"एकदम गोळमटोळ! लालचटक!"

"केटला जण आवशे?"

किती उगवतील? हा प्रश्न कुठल्याही बागकाम करणाऱ्याच्या काळजाला हात घालणारा. मी डोळे मिटून म्हणालो, "बधा आवे तो भगवाननी कृपा!"

लिफ्टमधून उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, निसर्गप्रेम!

दुसऱ्या दिवसापासून माझा मान वाढला. वॉचमनने उठून सलाम केला. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "खुर्च्या अमारा तरफथी!" मी म्हटलं, बी पेरायला खुर्च्या कशाला? पण नाही कसं म्हणणार! तळमजल्यावरच्या टेलरने हिला विचारलं, "ब्लाउज शिवडाववानो नथी?" हिने मला विचारलं, "तुम्ही गाजर लावताय की उद्घाटन करताय?" मी छाती फुगवून म्हणालो, "गुजराती माणूस शेतीला मान देतो. शीक काही!"

आणि शनिवारी सुरतच्याच लिंबायत भागातून आप्पांचा फोन आला.

आप्पा म्हणजे हर्षलचे वडील. हर्षल म्हणजे असा मुलगा, की ज्याला बघून आमच्या मुक्ताने जन्मात पहिल्यांदा 'हो' म्हटलं होतं. त्याआधी तिने इतक्यांना नकार दिला होता, की खानदेशातला एक अख्खा तालुका आमच्यावर रुसला होता. हर्षललाही ती आवडली होती. फक्त आप्पांचा होकार यायचा बाकी होता. आप्पा मूळचे धुळ्याकडचे, सारा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मास्तर म्हणून काढलेला. आवाज असा, की शंभर लूम चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावा.

"अभिनंदन!" ते फोनमध्ये ओरडले. अभिनंदन कमी, फायरिंग जास्त. "सांगायचं तरी आम्हाले! तुम्हाले फोरेनचा भेटला, आमचा पोऱ्या साधा. पन कडोदऱ्याचा तो लालचटक जाड्या पसंत होता, तर आमच्या घरी पोहे कशाला खाल्ले हो?"

"कोण जाड्या, आप्पा?"

"आता आम्हालेच विचारा! उद्या गच्चीवर साखरपुडा शे ना तुमच्या पोरीचा? आख्ख्या लिंबायतले माहीत शे!"

फोन बंद. मी मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता माझ्याकडे पाहत होती. तिने अगदी हळू आवाजात विचारलं (ती हळू बोलली की ही सुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येते), "बाबा, तुम्ही कोकिळामासींना नक्की काय सांगितलंत?"

मी सांगितलं. शब्दन्‌शब्द. उच्चारांसकट.

मुक्ता मटकन खाली बसली. "बाबा! गोळ म्हणजे गूळ! आणि गोळ-धाणा म्हणजे गाजर-कोथिंबीर नाही हो! मुलीचं ठरलं की हे लोक गूळ आणि धणे वाटतात. गोळ-धाणा म्हणजे साखरपुडा!"

मग हळूहळू सगळे दुवे लागले. कोकिळाबेन साड्यांना लेस लावायचं काम लिंबायतच्या बायकांना देतात. त्यातली एक आप्पांच्या दाराला दार लागून राहते. म्हणजे माझा फोरेनचा, गोळमटोळ, लालचटक जावई साड्यांच्या गठ्ठ्यातून थेट आप्पांच्या ओट्यावर पोचला होता!

मुक्ता रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हर्षल फोन उचलत नाहीये." आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी आयुष्यात खूप थापा मारल्या, त्या सगळ्या पचल्या. आणि एकदाच खरं बोललो, ते माझ्या पोरीच्या मुळावर आलं!

मी पुन्हा फोन लावला. आप्पांनी उचलला. मी म्हणालो, "आप्पा, शिव्या समोर येऊन द्या. उद्या गच्चीवर या, हर्षलला आणि वहिनींना घेऊन या. तो कडोदऱ्याचा जाड्या तुमच्या हातात देतो. मग त्याचं काय करायचं ते करा."

"येतो!" आप्पा गरजले. मला वाटतं, ते बाह्या फोनवरच सावरत होते.

रविवारी गच्चीवर चढलो तर मांडवच! खुर्च्या, झालर, जरीच्या साड्या. कोकिळाबेन ताटात गूळ-धणे घेऊन पुढे, मागे अख्खी सोसायटी. "जमाई क्यां छे?" असा कल्लोळ. मी तोंड उघडणार, तोच जिना दणाणला. आप्पा! मागे वहिनी, त्यांच्या मागे पडलेल्या चेहऱ्याचा हर्षल.

"कुठे शे तो?"

मी खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी आप्पांपुढे धरलं. "हा."

आप्पांनी चष्मा लावला. पाकिटावरच्या चित्रात लालचटक, गोळमटोळ, शेंडीला हिरवा तुरा. "हाई काय शे?"

"गाजर, आप्पा. फोरेनची जात. कडोदऱ्याच्या नर्सरीतलं. गोल गाजर आणि बाजूला धणे. गोळ... धाणा."

आप्पांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, कानाशी नेऊन हलवलं. आतल्या बिया खुळखुळल्या. आणि मग त्यांच्या पोटातून असा आवाज निघाला, जसे थांबलेले शंभर लूम एकदम सुरू व्हावेत! हसता हसता ते चेअरमनच्या खुर्चीत कोसळले. "ह्याच्यावर... ह्याच्यावर मी रातभर दात खात होतो!"

पण होकाराचं काय? मी हिच्याकडे, ही मुक्ताकडे, मुक्ता हर्षलकडे बघतेय. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी पुढे आल्या. त्यांनी कोकिळाबेनांच्या ताटात पाहिलं.

"गूय शे, धना शेत," त्या आप्पांना म्हणाल्या. "पोर शे, पोऱ्या बी शे. खुर्च्या मांडेल शेत. आते काय राह्यनं?"

आप्पांनी डोळे पुसले. "काहीच नही राह्यनं," म्हणाले, आणि गुळाचा खडा उचलून मुक्ताच्या हातावर ठेवला.

मी कुंडीशेजारी बसकण मारली. मागच्या वर्षीच्या त्या गाजरासारखी मीही मांडी घातली. हर्षल आणि मुक्ता कठड्याशी काहीतरी पुटपुटून हसत होते. (बी पेरायचं त्या गडबडीत राहिलंच. दुसऱ्या दिवशी पेरलं. गाजरं आली, गोल आली, गोटीएवढी आली. पण आली!)

लग्न छान पार पडलं. त्यानंतर हिने मला एकच अट घातली: कोकिळाबेनांशी गुजरातीत एक अक्षर बोलायचं नाही. मी शब्द दिला आणि पाळलाही. परवा आम्ही दोघं लिफ्टमध्ये असताना त्यांनी विचारलं, "भाई, हवे नवुं शुं आववानुं छे?" कुंडीत आता कोबी येणार होता. मी तोंड घट्ट मिटलं, हिच्याकडे बोट दाखवलं (विचारायचं ते हिला विचारा!) आणि मग, राहवेना म्हणून, दोन्ही हातांनी पोटासमोर एक भला मोठा गोल काढून दाखवला.

संध्याकाळी कोकिळाबेन आमच्या दारात होत्या. हातात आंबट लोणच्याची बरणी, डोळ्यांत पुन्हा पाणी. आमची ही येत्या दिवाळीत बावन्न वर्षांची होईल.